टिळकांचा लॉ क्लास आणि आपली सीईटी

प्रश्नपत्रिका आपण सोडवतो, पण वाचत नाही. संशोधनात एखादा जुना कागद हातात आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे असतात: हा कोणी तयार केला, कशासाठी केला, आणि यात काय आलेलं नाही? हेच प्रश्न परीक्षेलाही विचारता येतात. तुमच्यापैकी बरेच जण 'पेट' किंवा 'नेट'ची तयारी करताय, त्यांनी आपापल्या परीक्षेला ते विचारून बघावेत. आज मी उदाहरण घेतलंय कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचं.

मी रसायनशास्त्राची. कायद्याकडे वळायचं कारण साधं आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा भागातली बी.एस्सी. झालेली मुलं-मुली हल्ली मला "पीएच.डी. करू की एलएल.बी.?" असं विचारतात, आणि त्याला जोडूनच "लॉ सीईटीला कोणतं पुस्तक घेऊ?" पुस्तकाचं नाव सांगणं सोपं आहे. पण ही परीक्षा नेमकी कोणत्या जातीची आहे हे कळल्याशिवाय त्या नावाचा उपयोग नाही, आणि ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

मुंबई इलाख्यात वकिलांच्या सनदेचे नियम १८२७ च्या रेग्युलेशनांमध्ये सापडतात. १८४६ च्या कायद्याने धर्म किंवा राष्ट्रीयत्व आड न आणता पात्र माणसाला वकिली खुली केली. १८५५ मध्ये मुंबईत कायद्याचे वर्ग सुरू झाले (तेच आजचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज), १८५७ मध्ये विद्यापीठ आलं आणि १८६२ मध्ये हायकोर्ट. त्यानंतर वकील व्हायच्या मुख्यतः दोन वाटा होत्या. एक, विद्यापीठाची एलएल.बी. दोन, प्लीडरची परीक्षा. हायकोर्ट प्लीडरची वेगळी आणि डिस्ट्रिक्ट प्लीडरची वेगळी. जिल्ह्याच्या कोर्टात उभं राहायचं तर दुसरी पुरे.

या दुसऱ्या वाटेवरचा सगळ्यांना माहीत असलेला माणूस म्हणजे वल्लभभाई पटेल. मॅट्रिक झाले तेव्हा ते बाविशीचे होते. कॉलेजचा खर्च झेपणारा नव्हता. लोकांकडून पुस्तकं मागून आणून त्यांनी घरी अभ्यास केला, १९०० मध्ये डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा दिली आणि गोध्र्याला वकिली सुरू केली. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होणं हे त्यानंतर दहा वर्षांनी.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या काळात परीक्षा शेवटी होती, दारात नव्हती. कायदा वाचायला कोणी अडवत नव्हतं. वाचून झाल्यावर "तुला कायदा येतो का?" हे परीक्षा तपासायची आणि मग सनद द्यायची. तुटवडा होता तो पुस्तकांचा आणि शिकवणाऱ्यांचा. जागांचा नव्हता.

आणि जिथे शिकवणाऱ्यांचा तुटवडा असतो तिथे क्लास निघतोच.

बाळ गंगाधर टिळक १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. त्यांनी वकिली केली नाही. १८८० च्या पहिल्या दिवशी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि ते त्यात गेले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये ते बाहेर पडले. 'केसरी' आणि 'मराठा' अंगावर होते, त्यांचं कर्ज होतं, आणि पगार गेला होता. तेव्हा त्यांनी संसारासाठी जे उद्योग केले त्यातला एक म्हणजे लॉ क्लास. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या दोन परीक्षांची तयारी तिथे करून घेतली जाई. इलाख्यातला अशा प्रकारचा तो पहिला क्लास मानला जातो. आज कोचिंगच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की आपल्याकडच्या कोचिंगच्या इतिहासात एक पान लोकमान्यांचंही आहे. (फ्लेक्सवर मात्र त्यांचा फोटो लावू नका, प्लीज.)

स्वतः टिळकांनी एलएल.बी.चा अभ्यास कसा केला होता ते बघण्यासारखं आहे. हिंदू कायद्यासाठी त्या वेळी इंग्रजीत तयार संग्रह होते. वेस्ट आणि ब्यूलर यांचा 'डायजेस्ट' १८६७ पासून उपलब्ध होता. कोर्टांनी शास्त्र्यांना विचारलेले प्रश्न आणि शास्त्र्यांची उत्तरं त्यात एकत्र केलेली होती. परीक्षा त्यावर निघण्यासारखी होती. टिळक मात्र मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची मिताक्षरा अशा मूळ ग्रंथांपर्यंत गेले. संस्कृत येत होतं म्हणून ते जमलं हे खरं. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर डायजेस्ट वाचणाऱ्याला उत्तर कळतं, आणि मूळ वाचणाऱ्याला त्या उत्तरापर्यंत कसं पोचले तेही कळतं. प्रश्न थोडा फिरवून विचारला की दोघांतला फरक लगेच दिसतो. रिव्ह्यू पेपर वाचून थांबणारा आणि मूळ पेपरची 'मेथड्स' वाचणारा यांच्यात असतो तोच हा फरक.

खानदेशापुरता आणखी एक बारकावा. वारसा, वाटणी, दत्तक या बाबतींत सगळ्या इलाख्यात एकच ग्रंथ चालत नसे. मिताक्षरेबरोबर नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'चंही वजन असे आणि ते भागागणिक बदलत असे. गुजरातेत मयूख वरचढ, तर खानदेशात दोन्ही ग्रंथ कोर्टापुढे येत. मुंबई हायकोर्टातले वकील विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० मध्ये मयूखाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं ते याच गरजेतून. म्हणजे आपल्याकडच्या प्लीडरच्या उमेदवाराला ग्रंथ संस्कृत, परीक्षा इंग्रजी आणि पक्षकार अहिराणी, गुजराती किंवा भिली बोलणारा, असा तिहेरी हिशेब सांभाळावा लागे. तो हिशेब अजून संपलेला नाही. त्यावर पुढे येते.

आधी तिसरा प्रश्न: यात काय आलेलं नाही? पुण्यात लॉ क्लास चालू होता त्याच वर्षांत आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागात काय होतं ते बघा. १८७४ मध्ये 'शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अॅक्ट' आला. या कायद्याच्या यादीतल्या प्रदेशात नेहमीचे कायदे आपोआप लागू होत नसत. सरकार अधिसूचना काढेल तेवढेच लागू. मुंबई इलाख्यासाठीच्या यादीत खानदेशातल्या मेवासी प्रमुखांची गावं आहेत: काठी, नाल, सिंगपूर, नवलपूर, गव्हाळी, चिखली. काठीची राजवाडी होळी तुम्ही पाहिली असेल, निदान मोबाईलवर तरी. ते काठी कायद्याच्या नकाशावर वेगळ्या रंगात होतं. पुण्यातला विद्यार्थी ज्या कायद्याची परीक्षा देत होता तो कायदाच या गावांना आपसूक लागू नव्हता. मग तिथून प्लीडर कुठून तयार होणार?

नंतरही अंतर राहिलंच. आपला भाग पश्चिम खानदेशात होता आणि मोठं कोर्ट धुळ्याला. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ ला धुळ्यात आले ते एका खटल्याच्या कामासाठी. त्या वेळी ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. त्या भेटीची आठवण म्हणून दर वर्षी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर लोक जमतात हे खानदेशात कोणाला सांगायला नको. बाकी बहुतेक खेड्यांना वकील म्हणजे तालुक्याला किंवा धुळ्याला असणारा, वेगळी भाषा बोलणारा माणूस.

आता १९७४ वर या. शहादा-तळोदा पट्ट्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीने आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला होता. राज्याने दोन गोष्टी केल्या. जमीन महसूल संहितेत कलम ३६अ घातलं आणि अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा कायदा केला. या दुसऱ्या कायद्यात कलम ९अ आहे. त्यानुसार या कायद्याखालच्या कार्यवाहीत कोणत्याही बाजूने वकिलाला उभं राहता येत नाही. कारण उघड होतं. जमीन घेणाऱ्याला वकील परवडतो, जमीन गेलेल्याला परवडत नाही. मग दोघांनाही वकील नको. लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा कायदा आणि हे कलमही वैध ठरवलं.

मला हे कलम वाचून जरा वेळ थांबावं लागलं. ते न्याय्यच होतं असं मला वाटतं. पण त्यात एक कबुलीही आहे: या लोकांच्या बाजूने, त्यांच्या भाषेत उभा राहील असा वकील त्यांना मिळण्यासारखी परिस्थिती नाही, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळ आहे आणि त्यातले ६९ टक्के अनुसूचित जमातींचे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा, वनहक्क, ३६अ हे सगळे कायदे इथे रोज वापरले जातात. त्यामुळे धडगावच्या एखाद्या मुलीने लॉ सीईटीचा फॉर्म भरणं ही मला साधी करिअरची बाब वाटत नाही.

दारातली परीक्षा मात्र खूप अलीकडची आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या शेवटी पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. मग तशी विद्यापीठं वाढत गेली आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी. मुलं एकाच महिन्यात देशभर फिरायची. २००६ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये सात विद्यापीठांची मिळून पहिली 'क्लॅट' झाली. महाराष्ट्रात बहुतेक कॉलेजांचे प्रवेश बारावीच्या किंवा पदवीच्या टक्क्यांवर होत असत. राज्याची लॉ सीईटी आली २०१६ मध्ये. म्हणजे वयाने ती तुमच्या धाकट्या भावंडाएवढी असेल.

या दारातल्या परीक्षेचा प्रश्न वेगळा आहे. जुनी परीक्षा विचारायची, "कायदा येतो का?" नवी विचारते, "कायदा शिकवला तर शिकता येईल का?" क्लॅटचा पॅटर्न २०२० पासून बदलला तेव्हा हे अगदी स्पष्ट झालं. सगळे प्रश्न उताऱ्यांवर आले. कायद्याचा नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो नव्या प्रसंगाला लावून दाखवायचा. पाठ केलेल्या कलमांना तिथे फारसा भाव नाही. महाराष्ट्राची सीईटी अजून मधल्या जातीची आहे. नियम लावण्याचे प्रश्न असतात, आणि राज्यघटना, संज्ञा, चालू घडामोडी यांवरचे सरळ माहितीचेही असतात.

बाजारातली बरीचशी तयारी मात्र जुन्या परीक्षेचीच चालली आहे. दोनशे लॅटिन सूत्रं पाठ, कलमांची यादी पाठ, आणि उतारा समोर आला की घाम. हे माझं मत आहे, पण दोन्ही परीक्षांच्या मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मांडीवर घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे फक्त 'माहिती' किंवा 'विचार' एवढं लिहीत जा. एका रविवारचं काम आहे. शेवटी बेरीज करा. तुमच्या परीक्षेची जात कोणाला विचारावी लागणार नाही. प्रयोगशाळेत आपण नमुना आधी तपासतो आणि रिएजंट मागाहून मागवतो. इथेही पुस्तक मागाहून.

गुणांचं वजनही बघा. २०१६ पासून बरीच वर्षं राज्याची सीईटी १५० प्रश्नांची होती, अलीकडे १२० ची झाली. वेळ दोन तास. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत जवळपास एक तृतीयांश प्रश्न इंग्रजीचे. पाच वर्षांच्या सीईटीत इंग्रजी कमी, कायदा आणि तर्क जास्त. बी.एस्सी. नंतर जाणाऱ्याने मोठ्या बहिणीची बारावीनंतरची तयारी जशीच्या तशी उचलली तर इथेच गफलत होते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटमध्ये पाव गुण जातो, तिथे हात आवरावा लागतो. आकडे दर वर्षी माहितीपुस्तिकेतूनच तपासा, मित्राच्या व्हॉट्सअॅपवरून नको.

आता भाषा. क्लॅट इंग्रजीतच असते. ती प्रादेशिक भाषांतूनही घ्यावी अशी जनहित याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते, इंग्रजीचा भाग अर्थातच सोडून. मराठी माध्यमाच्या मुलांना हा आधार वाटतो, आणि पेपर उघडल्यावर धक्का बसतो. कारण त्यातली मराठी घरची नसते. टॉर्ट म्हणजे अपकृत्य, कन्सिडरेशन म्हणजे प्रतिफल, एस्टॉपेल म्हणजे विबंध. त्याशिवाय कोर्टाच्या आवारात अजून चालणारे फिर्याद, मुखत्यार, कबुलायत हे फारसी वळणाचे शब्द वेगळेच. १९९८ मध्ये खालच्या कोर्टांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना निघाली, आणि नंदुरबार जिल्हा झाला तोही १९९८ च्या जुलैमध्येच. पण अधिसूचनेने शब्द तोंडात बसत नाहीत. भाषा संचालनालयाचा 'न्याय व्यवहार कोश' आहे, तो वापरा. एका वहीत तीन रकाने करा: इंग्रजी शब्द, कोशातला मराठी शब्द, आणि तुमच्या घरात ती गोष्ट जशी बोलतात तसं एक वाक्य. पावरीत बोलत असाल तर पावरीत, अहिराणीत बोलत असाल तर अहिराणीत. तिसरा रकाना भरता आला नाही तर ती संज्ञा अजून कळलेली नाही असं समजा. हाच रकाना पुढे पक्षकारासमोर बसल्यावर कामाला येणार आहे.

आणि चुकांची वही. रोज पन्नास प्रश्न सोडवून उत्तरं ताडून बघणं याला मी तयारी म्हणत नाही. ती मोजणी झाली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: नियम नीट वाचला नाही, प्रसंगातली एक गोष्ट निसटली, मनातला न्याय वापरला, की माहितीच नव्हती. महिन्याभरात दिसेल की दोनच कारणं पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत तिसरं कारण बरंच जड असतं असा माझा अनुभव आहे. प्रसंग ओळखीचा असला की आपण नियम सोडून "खरं काय व्हायला पाहिजे" यावर जातो. ओळखीच्याच प्रसंगावर सराव केला तर ही सवय मोडते. म्हणून खालचा प्रश्न मी मुद्दाम आपल्याकडचा केलाय, कलम ३६अ च्या आधारे.

नियम: आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित करता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी पुरते. बाकी सर्व बाबतींत, जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी देण्याआधी राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते.

प्रसंग: शहादा तालुक्यातल्या एका आदिवासी शेतकऱ्याने चार एकर जमीन एका बिगर-आदिवासी व्यापाऱ्याला सात वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. व्यापाऱ्याने आधी अर्ज केला होता आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही आधीच मिळाली होती. करार स्टॅम्प पेपरवर झाला, दोघांच्या राजीखुशीने, आणि सगळी रक्कम शेतकऱ्याला मिळाली. राज्य सरकारकडे कागद गेलाच नाही. करार टिकेल का?

टिकणार नाही. सात वर्षं म्हणजे पाचच्या पुढे, म्हणजे 'बाकी सर्व बाबती', आणि तिथे सरकारची मान्यता हवी. स्टॅम्प पेपर, राजीखुशी, पूर्ण रक्कम या तिन्ही गोष्टी प्रसंगात आहेत, नियमात नाहीत. पर्यायांमध्ये त्या नक्की येणार, आणि वाचायला अगदी शहाण्यासारख्या वाटणार.

आता प्रसंगात दोनच बदल करा. मुदत पाच वर्षं, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आली ती करारावर सह्या होऊन, शेताचा ताबा दिल्यानंतर तीन महिन्यांनी. बाकी सगळं तसंच. उत्तर नियमातल्या एका शब्दात आहे. वेळ एक मिनिट.